आळंदीची यतीम लेकरं आणि आईची ओवी

दिघी हे पुणे-आळंदी रस्त्यावरचं गाव. ज्येष्ठ वद्य अष्टमीला ज्ञानेश्वरांची पालखी आळंदीहून प्रस्थान ठेवते आणि दुसऱ्या दिवशी आमच्या दारावरून पुण्याकडे जाते. अम्मी होती तोवर ती वारकऱ्यांना पाणी द्यायची. ती गेली त्या वर्षी कळशी घेऊन मी एकटाच उभा होतो. दिंड्यांमागून दिंड्या जात होत्या आणि 'माऊली, माऊली' असा गजर चालला होता. हा शब्द लहानपणापासून कानावर होता. पण त्या दिवशी पहिल्यांदाच मनात आलं, ज्याला सारा महाराष्ट्र आई म्हणतो, त्याची स्वतःची आई कुठे आहे?

नामदेवांच्या नावावर असलेल्या 'आदि'च्या अभंगांतून आणि परंपरेतून कथा कळते ती अशी. आपेगावचे विठ्ठलपंत काशीला जाऊन संन्यासी झाले आणि गुरूच्या आज्ञेनं पुन्हा संसारात आले. आळंदीच्या ब्रह्मवृंदानं कुटुंबाला वाळीत टाकलं. देहान्त प्रायश्चित्त हाच उपाय ठरला, म्हणून विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाई यांनी जलसमाधी घेतली. ती कुठे, याबद्दल कथा वेगवेगळ्या आहेत. मागे राहिली चार लेकरं : निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ता. आईबापांनी जीव दिला तरी लेकरांचा वाळीतपणा सुटला नाही.

'यतीम' या शब्दाला आमच्या घरात वजन आहे. हजरत मुहंमद पैगंबरांचे वडील त्यांच्या जन्माआधीच वारले आणि सहाव्या वर्षी आई आमिनाही गेली. त्यामुळे पोरक्या मुलाची गोष्ट आम्हाला परकी वाटत नाही.

शके 1212 मध्ये, म्हणजे इ. स. 1290 मध्ये, नेवाशाला ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. प्रचलित मतानुसार तेव्हा ज्ञानदेव पंधरा वर्षांचे होते, दुसऱ्या मतानुसार एकोणीस. ग्रंथाच्या शेवटी राजा रामचंद्र यादवाचा उल्लेख आहे, गोदावरीच्या दक्षिण तीराचा आहे, आदिनाथांपासून निवृत्तिनाथांपर्यंतची गुरुपरंपरा आहे. त्या परंपरेत विठ्ठलपंत नाहीत, रुक्मिणीबाई नाहीत.

नाव नसलं तरी आई मात्र ग्रंथभर आहे. बाराव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेव गुरुकृपेलाच आई म्हणून हाक मारतात. ही आई मांडीवर घेऊन वाढवते, हृदयाच्या पाळण्यात झोके देते, दूध पाजते, अंगाई गाऊन निजवते. तेराव्या अध्यायात गुरू गाय होतो आणि शिष्य तिच्यामागचं वासरू. अभ्यासक याचा योगपर अर्थ सांगतात आणि तो बरोबरच आहे. पण पाळणा, दूध आणि अंगाई या गोष्टी पोथीतून येत नाहीत. त्या घरातून येतात, आणि ज्याचं घर मोडलं त्याला त्या जास्त आठवतात, असं मला वाटतं.

ज्ञानदेवांनी छंद निवडला तोही ओवीचा. महाराष्ट्रातल्या बायका कांडण करताना ओवी गातात, अशी नोंद चालुक्य राजा सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' या 12 व्या शतकातल्या ग्रंथात आहे. म्हणजे ज्ञानदेवांच्या आधीपासून ओवी उखळाजवळ बसलेली होती. ज्या संस्कृत विद्येच्या आधारानं आईबापांना शिक्षा झाली, त्या विद्येतली गीता या मुलानं उचलली आणि आयाबायांच्या छंदात, त्यांच्याच बोलीत मांडली. एकाही ओळीत त्यानं शिक्षा देणाऱ्यांचा सूड मागितला नाही. ग्रंथ संपतो तो सगळ्यांसाठी मागितलेल्या दानानं.

दुःख मात्र संपलं नसावं. लोकांच्या बोलण्यानं दुखावलेल्या ज्ञानदेवांनी एकदा झोपडीची ताटी लावून घेतली, अशी आख्यायिका आहे. मुक्ताबाईंच्या नावानं प्रसिद्ध असलेले ताटीचे अभंग हे त्या वेळचं आर्जव मानलं जातं. चौघांतली सर्वांत धाकटी, पण त्या दिवशी भावाची आई तीच झाली.

माझी अम्मी घरात दखनी बोलायची. पण जात्यावर बसली की तिच्या तोंडून मराठी ओवी यायची. तिच्या सासरचं, माहेरचं, गेलेल्या आईबापांचं सगळं त्या ओव्यांत होतं. आम्ही त्या ऐकत झोपायचो. त्यातली एकही मला आज पुरी आठवत नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून बायकांच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्या कामाचं मोल मला अम्मी गेल्यावर कळलं.

श्रीगोंद्याचे शेख महंमद यांनी 17 व्या शतकात 'योगसंग्राम' लिहिला तोही ओवीतच. तेव्हा या छंदावर आपलाही वारसा आहे. पण तो पोथीपुरता ठेवून चालणार नाही. ज्यांच्या घरात अजून अम्मी, नानी, दादी आहेत, त्यांनी आज संध्याकाळीच वही घेऊन त्यांच्याजवळ बसावं. मला उशीर झाला.