लाईन गेली, तेरा नोंदी कुठे गेल्या?

आज जाऊ २००५ नंतरच्या भारनियमनाच्या दिवसांत. समजा, सक्करदऱ्याच्या बाजाराजवळ एक पतसंस्था आहे. पिग्मी एजंट भाजीवाल्यांकडून गोळा केलेले वीस-वीस रुपये घेऊन येतो, क्लार्क ते डॉसवरच्या जुन्या फॉक्सप्रोत चढवतो, अन् लाईन जाते. परत येते तेव्हा फाईल तर उघडते, पण शेवटच्या तेरा नोंदी गायब! भाजीवालीच्या हातात पावती आहे, कॉम्प्युटरमध्ये पैसे नाहीत.

ही फाईल आली कुठून? अमेरिकेत वेन रॅटलिफ या इंजिनिअरने १९७८ च्या सुमारास फुटबॉलच्या पैजा जिंकायला एक प्रोग्रॅम लिहिला. तोच पुढे 'डीबेस टू' नावाने विकला गेला. ('वन' कधी बाजारात आलंच नाही!) फॉक्सप्रोनं त्याचीच डीबीएफ फाईल उचलली.

आता खरी गंमत. डीबीएफच्या पहिल्या ३२ बाइटमध्ये एकूण नोंदींचा आकडा असतो. त्यानंतर रकान्यांची नावं, मग सारख्या लांबीच्या नोंदी, एकामागे एक. लाईन जाताना नोंदी डिस्कवर पोहोचल्या, पण वरचा आकडा बदलायचा राहिला, तर प्रोग्रॅम जुन्या आकड्यापर्यंतच वाचतो. समजा, माथ्याचा भाग १९३ बाइटचा, नोंद ६० बाइटची, अन् फाईल १,२०,१९३ बाइटची. वजा करा, भागा: २००० नोंदी. माथ्यावर मात्र १९८७! हेक्स एडिटरमध्ये तो आकडा दुरुस्त केला की तेरा जण परत.

पण घाईत कुणी नवीन नोंद टाकली, तर ती नेमकी त्या हरवलेल्या नोंदीवरच लिहिली जाते. म्हणून जाणकार माणूस आधी फाईलची कॉपी काढायचा, मगच हात लावायचा. इंडेक्स फाईल बिघडली तर त्याला काही वाटत नसे. ती मूळ फाईलवरून पुन्हा बनते.

१९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टनं फॉक्सप्रोची कंपनी विकत घेतली अन् त्याच वर्षी अ‍ॅक्सेसही आणलं. त्यात सगळे टेबल एकाच फाईलमध्ये, पानापानांत विखुरलेले. तिथं कॅल्क्युलेटर घेऊन बसणं जमत नाही. 'कॉम्पॅक्ट अँड रिपेअर' चालवायचं, पण त्याला न समजलेलं पान तो सोडूनही देऊ शकतो. माझ्या मते साधीभोळी डीबीएफच बरी होती.

तुमच्या फोनमधले बरेच अ‍ॅप एसक्यूलाइट वापरतात. ते बदल करताना बाजूच्या फाईलमध्ये टिपण ठेवतं. बॅटरी मध्येच संपली, तर पुढच्या वेळी ते टिपण बघून अर्धवट व्यवहार मागे घेतं. भाजीवालीचे वीस रुपये एकतर पूर्ण जमा, नाहीतर अजिबात नाही.