अनुरक्षण गृह
बालगृहातील मुक्काम वयाच्या 18 व्या वर्षी संपुष्टात आल्यावर निराश्रित ठरणाऱ्या तरुण-तरुणींच्या तात्पुरत्या निवासाची शासनमान्य व्यवस्था. पत्र्याची पेटी व शाळेचा दाखला एवढ्याच जिंदगीनिशी बाहेर पडलेल्याला घरमालक प्रथम अनामत, मग जामीन आणि शेवटी कायमचा पत्ता विचारतो, व या तिसऱ्या बाबीपाशीच बहुधा घोडे पेंड खाते. 2016 च्या बाल न्याय आदर्श नियमांनी सहा ते आठ जणांच्या सामूहिक निवासाची तरतूद केली असून अनुरक्षणाची मुदत 21 व्या, अपवादप्रसंगी 23 व्या वर्षापर्यंत ठेवली आहे. मात्र बाल न्याय अधिनियम, 2015 चे कलम 46 अर्थसाहाय्य देता येईल एवढेच म्हणते, द्यावेच असे नव्हे, आणि तेही संस्थेतून निघणाऱ्यांबाबत. प्रतिपालक कुटुंबातून निघणाऱ्याचा त्यात नामनिर्देशही नाही.