नागोर्नो-काराबाख संघर्ष : लोकसंख्या व अर्थकारण यांवरील परिणामांचे ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

शेजारी राष्ट्रांमधील भूप्रदेशाच्या वादाचा इतिहास बहुधा लढायांच्या तारखा, शस्त्रसंधीचे करार आणि नकाशावरील बदललेल्या रेषा यांच्या आधारे लिहिला जातो. त्या रेषांच्या दोन्ही बाजूंना राहणाऱ्या लोकांचे व त्यांच्या उपजीविकेचे काय झाले, हा प्रश्न दुय्यम ठरतो. प्रस्तुत निबंधात आर्मेनिया व अझरबैजान यांच्यातील नागोर्नो-काराबाख संघर्षाचा विचार या प्रश्नाच्या अनुरोधाने केला आहे. या संघर्षात विजय दोन्ही पक्षांना आळीपाळीने मिळाला. परंतु प्रत्येक वेळी विजेत्याच्या ताब्यात आलेला नवा भूप्रदेश जवळजवळ निर्मनुष्य झालेला होता, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

दक्षिण कॉकेशसमधील हा डोंगराळ प्रदेश १९२३ मध्ये सोव्हिएत अझरबैजानच्या अंतर्गत स्वायत्त प्रांत बनला. १९२६ च्या जनगणनेत तेथे आर्मेनियन लोकांचे प्रमाण सुमारे ८९ टक्के होते. १९८९ मध्ये ते सुमारे ७७ टक्क्यांवर आले. ही घट आर्मेनियन समाजास अस्तित्वावरील संकट वाटत होती, तर प्रांत आर्मेनियास जोडण्याची मागणी अझरबैजानला आपल्या प्रादेशिक अखंडतेवरील आघात वाटत होती. २० फेब्रुवारी १९८८ रोजी प्रांतिक सोव्हिएतने विलीनीकरणाची मागणी करणारा ठराव केला. त्याच महिन्याच्या अखेरीस अझरबैजानमधील सुमगाईत येथे आर्मेनियन रहिवाशांवर प्राणघातक हल्ले झाले. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाल्यावर या वादाने उघड युद्धाचे रूप घेतले आणि फेब्रुवारी १९९२ मध्ये खोजाली येथे शेकडो अझरबैजानी नागरिक मारले गेले. मे १९९४ मध्ये शस्त्रसंधी होईपर्यंत सुमारे ३० हजार माणसे मृत्युमुखी पडली होती.

लोकसंख्येवरील परिणाम

स्थलांतर हे युद्धाचे फलित मानले जाते. येथे मात्र ते युद्धापूर्वीच सुरू झाले होते. १९८८ पासून अझरबैजानमधून सुमारे साडेतीन लाख आर्मेनियन व आर्मेनियातून सुमारे दोन लाख अझरबैजानी बाहेर पडले. या काळातील एक घटना विशेष उल्लेखनीय आहे. १९८९ मध्ये आर्मेनियातील किझिल-शफाग या अझरबैजानी गावाने आणि अझरबैजानमधील केरकेंज या आर्मेनियन गावाने परस्परसंमतीने गावांची अदलाबदल केली. एकमेकांच्या दफनभूमींची निगा राखण्याचेही दोन्ही गावांनी मान्य केले. राज्यसंस्थेला जे साधले नाही, ते ग्रामस्थांनी आपल्या पातळीवर साधले; तथापि त्यांनाही घरदार सोडावेच लागले.

१९९२ ते १९९४ या काळात काराबाखभोवतालचे सात जिल्हे पूर्णतः वा अंशतः आर्मेनियन सैन्याच्या ताब्यात गेले. तेथील व काराबाखमधील मिळून सुमारे सहा लाख अझरबैजानी स्वदेशातच विस्थापित झाले. शाळा, वसतिगृहे, तंबू आणि रेल्वेचे डबे यांत अनेक कुटुंबांनी वर्षानुवर्षे वास्तव्य केले. आगदाम हे गजबजलेले शहर उद्ध्वस्त होऊन ओस पडले. काराबाखमधील आर्मेनियन प्रशासनाने २००५ मध्ये घेतलेल्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे १ लाख ३८ हजार भरली; ती जवळजवळ संपूर्णपणे आर्मेनियन होती.

२०२० च्या ४४ दिवसांच्या युद्धानंतर हे जिल्हे अझरबैजानकडे परतले. डिसेंबर २०२२ पासून लाचिन मार्ग रोखला गेला आणि सप्टेंबर २०२३ मधील लष्करी कारवाईनंतर थोड्याच दिवसांत एक लाखाहून अधिक आर्मेनियन लोकांनी काराबाख सोडले. १९९० च्या दशकातील चित्र उलट दिशेने पुन्हा उमटले.

आर्थिक परिणाम

आर्मेनिया हा भूवेष्टित देश आहे. १९८९ पासून अझरबैजानने त्याची रेल्वे व इंधनवाहतूक रोखली आणि एप्रिल १९९३ मध्ये, केलबाजार आर्मेनियन सैन्याच्या हाती गेल्यानंतर, तुर्कस्ताननेही सीमा बंद केली. व्यापारासाठी जॉर्जिया व इराण हेच मार्ग उरले. १९८८ च्या भूकंपानंतर मेत्सामोर अणुवीजकेंद्र १९८९ मध्ये बंद करण्यात आले होते. ते १९९५ मध्ये पुन्हा सुरू झाले. दरम्यानच्या हिवाळ्यांत घरांना दिवसातून काही तासच वीज मिळे. १९९० च्या दशकाच्या प्रारंभी राष्ट्रीय उत्पन्न निम्म्याहून कमी झाले. कारखाने बंद पडले, कर्ते तरुण रशियाकडे निघाले आणि त्यांनी पाठविलेल्या पैशांवर कुटुंबे तगली. रणांगणावर जिंकलेला देश माणसे गमावत होता.

अझरबैजानपाशी खनिज तेल होते. १९९४ मध्ये विदेशी कंपन्यांशी झालेल्या करारानंतर तेथे भांडवल आले. बाकू-तिबिलिसी-जेहान ही १,७६८ किलोमीटर लांबीची तेलवाहिनी आणि २०१७ मध्ये सुरू झालेला बाकू-तिबिलिसी-कार्स लोहमार्ग, हे दोन्ही आर्मेनियास वळसा घालून जॉर्जियामार्गे नेण्यात आले. तेलाच्या उत्पन्नातून विस्थापितांसाठी वसाहती बांधल्या गेल्या, तशीच शस्त्रखरेदीही झाली. परतलेल्या जिल्ह्यांत मात्र सुरुंग काढणे, रस्ते बांधणे व शहरे नव्याने वसविणे हा भार राज्याच्या तिजोरीवर पडला.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून दोन बाबी स्पष्ट होतात. पहिली, भूप्रदेशाचा ताबा बदलू शकतो, परंतु संमिश्र वस्तीची पिढ्यान्‌पिढ्या घडलेली वीण एकदा उसवली की ती लष्करी विजयाने पूर्ववत होत नाही. दुसरी, बंद सीमेची किंमत पराभूतालाच नव्हे, तर विजेत्यालाही मोजावी लागते. ऑगस्ट २०२५ मध्ये वॉशिंग्टन येथे दोन्ही देशांनी शांतता कराराच्या मसुद्यावर आद्याक्षरे केली, तेव्हा दक्षिण आर्मेनियातून नाखिचेवानकडे जाणारा दळणवळणाचा मार्ग हा चर्चेचा एक प्रमुख विषय होता, हे अर्थपूर्ण आहे. ज्या वाटा १९८९ पासून एकामागून एक बंद झाल्या, त्या उघडण्यापाशीच वाटाघाटी येऊन पोहोचल्या. वाटा पुन्हा बांधता येतील. त्यांवरून आपल्या गावी परतणारी माणसे कोण असतील, या प्रश्नाचे उत्तर केवळ कराराच्या कलमांतून मिळणारे नाही.