सरासरी अणुवस्तुमान

सरासरी अणुवस्तुमान म्हणजे मूलद्रव्याच्या निसर्गात आढळणाऱ्या सर्व समस्थानिकांच्या वस्तुमानांची, त्यांच्या विपुलतेनुसार काढलेली भारित सरासरी होय. आवर्तसारणीत मूलद्रव्याच्या चिन्हासोबत बहुधा हीच संख्या दिलेली असते. तिचे एकक डाल्टन असून कार्बन-१२ च्या एका अणूच्या वस्तुमानाचा बारावा भाग म्हणजे एक डाल्टन होय.

गणनेची पद्धत

एकाच मूलद्रव्याच्या समस्थानिकांत प्रोटॉनांची संख्या समान, परंतु न्यूट्रॉनांची संख्या भिन्न असते. त्यामुळे त्यांची वस्तुमाने वेगवेगळी असतात. प्रत्येक समस्थानिकाच्या वस्तुमानास त्याच्या विपुलतेने गुणून सर्व गुणाकारांची बेरीज केली असता सरासरी अणुवस्तुमान मिळते. विपुलता टक्केवारीत दिलेली असल्यास तिला प्रथम १०० ने भागावे लागते.

उदाहरण : क्लोरीन

क्लोरीनचे दोन स्थिर समस्थानिक आहेत.

क्लोरीन-३५ : वस्तुमान ३४.९६८८५, विपुलता ७५.७६ टक्के
क्लोरीन-३७ : वस्तुमान ३६.९६५९०, विपुलता २४.२४ टक्के

सरासरी अणुवस्तुमान
= (३४.९६८८५ × ०.७५७६) + (३६.९६५९० × ०.२४२४)
= २६.४९२४ + ८.९६०५
= ३५.४५२९, म्हणजेच सुमारे ३५.४५ डाल्टन

दोन्ही वस्तुमानांची साधी सरासरी ३५.९७ येते. मात्र निसर्गात हलका समस्थानिक जड समस्थानिकाच्या सुमारे तिप्पट असल्याने खरे उत्तर ३५ कडे झुकते. ३५.४५ डाल्टन वस्तुमानाचा क्लोरीनचा एकही अणू अस्तित्वात नाही. ही संख्या मिश्रणाची आहे, एका अणूची नव्हे.

उलट गणना

दोनच समस्थानिक असल्यास सरासरीवरून विपुलताही काढता येते. तांब्याचे सरासरी अणुवस्तुमान ६३.५४६ असून त्याच्या समस्थानिकांची वस्तुमाने ६२.९२९६ व ६४.९२७८ आहेत. हलक्या समस्थानिकाची विपुलता 'क्ष' मानल्यास

६२.९२९६ क्ष + ६४.९२७८ (१ − क्ष) = ६३.५४६

यावरून क्ष = ०.६९१५, म्हणजे तांबे-६३ ची विपुलता ६९.१५ टक्के येते.

इतिहास

सर्व अणुवस्तुमाने हायड्रोजनच्या अणुवस्तुमानाच्या पूर्ण पटीत असतात, असे गृहीतक विल्यम प्राउट यांनी १८१५ मध्ये मांडले. क्लोरीनचे सुमारे ३५.५ हे मूल्य त्याच्याशी जुळत नव्हते. १९१३ मध्ये फ्रेडरिक सॉडी यांनी समस्थानिकांची संकल्पना मांडली. पुढे फ्रान्सिस अ‍ॅस्टन यांनी १९१९ मध्ये केंब्रिज येथे तयार केलेल्या वस्तुमान वर्णपटलेखकाने क्लोरीनचे दोन समस्थानिक वेगळे दाखवले आणि अपूर्णांकाचे कोडे सुटले. अ‍ॅस्टन यांना १९२२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

स्रोतानुसार फरक

विपुलता बदलल्यास सरासरीही बदलते. सामान्य शिशाचे सरासरी अणुवस्तुमान २०७.२ आहे, परंतु युरेनियमच्या किरणोत्सारी ऱ्हासातून शिसे-२०६ तयार होत असल्याने युरेनियमच्या खनिजांतील शिशाचे मूल्य २०६ च्या जवळ असते. असे शिसे नेहमीपेक्षा हलके असल्याचे थिओडोर रिचर्ड्स यांनी १९१४ मध्ये अचूक मापनाने दाखवले. याच कारणास्तव आंतरराष्ट्रीय शुद्ध व उपयोजित रसायनशास्त्र संघ काही मूलद्रव्यांसाठी एका संख्येऐवजी मूल्यांची मर्यादा देतो. क्लोरीनसाठी ती ३५.४४६ ते ३५.४५७ अशी असून सर्वसाधारण गणितांत ३५.४५ हे मूल्य वापरले जाते.