उंच जीप, तिरका शाफ्ट

जीप हा शब्द आता मराठीच झाला आहे. तहसीलदारांची जीप, निवडणूक प्रचाराची जीप, आठवडी बाजाराला माणसे नेणारी काळी-पिवळी जीप. मराठवाड्यातल्या दोन पिढ्या या गाडीच्या मागच्या बाकांवर गुडघ्याला गुडघा लावून बसल्या आहेत. आज तीच गाडी तरुणांच्या हौसेची वस्तू झाली आहे. उंच केलेली, जाड टायरांची जीप किंवा थार दिसली की पहिला प्रश्न येतो, “किती इंच उचलली?” उचलल्यावर गाडी थरथरायला का लागली, हा प्रश्न नंतर येतो. या दोन प्रश्नांचे नाते जुने आहे.

जालना जिल्ह्यातले अंबड हे मत्स्योदरी देवीचे गाव. तालुक्याच्या दक्षिणेला गोदावरी वाहते. १९७६ मध्ये जायकवाडीचे लोकार्पण झाले, डाव्या कालव्याचे पाणी या भागात आले आणि काळ्या जमिनीत ऊस उभा राहिला. ही जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगून चिकट होते. चिखलात चाक रुतू नये, पोट जमिनीला टेकू नये ही इथल्या वाहनाची पहिली गरज. आपल्या बैलगाडीने ती मोठ्या चाकाने भागवली. चाक मोठे म्हणून आस उंच, आणि आस उंच म्हणून साटी चिखलाच्या वर. ओढणारे बैल पुढे असल्यामुळे आस उंचावली तरी फिरणाऱ्या कुठल्या भागाला त्रास नव्हता.

मोटारीचे तसे नाही. तिथे ताकद इंजिनापासून आसापर्यंत एका फिरत्या दांड्याने न्यावी लागते. हा दांडा म्हणजे प्रॉपेलर शाफ्ट. इंजिन चौकटीला बांधलेले असते, तर चाकांची आस स्प्रिंगवर खालीवर होत असते. मग दोन्ही जोडायचे कसे? याचे उत्तर रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाच्या १६७६ सालच्या एका छोट्या पुस्तकात सापडते. शिवाजी महाराज दक्षिण दिग्विजयाला निघाले, ते हे साल. तिरक्या कोनातही फिरणे पुढे पोचवणारा सांधा हूकने त्यात सांगितला. गंमत अशी, की त्याच पुस्तकात त्याने स्प्रिंगचा नियमही अक्षरांची उलटापालट करून लपवून ठेवला होता. दोन वर्षांनी त्याने तो उघड केला. तोच आपण शाळेत शिकलेला हूकचा नियम. जीपचे पाटे आणि शाफ्टचा क्रॉस, दोन्हींमागे एकच माणूस उभा आहे. आणि गाडी उंच करताना भांडण लागते ते नेमके या दोघांतच.

कारण हूकच्या सांध्यात एक खोट आहे. सांधा सरळ असेल तर दोन्ही बाजू सारख्या वेगाने फिरतात. तिरका झाला की एका बाजूचा वेग सारखा असला तरी दुसऱ्या बाजूचा प्रत्येक फेऱ्यात दोनदा वाढतो आणि दोनदा कमी होतो. कोन ५ अंशांचा असेल तर हा फरक अर्ध्या टक्क्याहून कमी असतो. १० अंशांना तो सुमारे दीड टक्का होतो, २० अंशांना सुमारे सहा टक्के. म्हणजे कोन दुप्पट झाला की हिसका जवळजवळ चौपट. ताशी ६० किलोमीटरला जुन्या जीपचा शाफ्ट मिनिटाला दोन हजारांहून अधिक फेरे घेतो. तेव्हा हा हिसका सेकंदाला सत्तरएक वेळा बसतो. तळव्यांना आणि सीटला जाणवणारी थरथर ती हीच.

यावरचा तोडगा साधा आहे. शाफ्टच्या दोन्ही टोकांना एकेक सांधा द्यायचा आणि दोन्ही कोन सारखे ठेवायचे. मग पहिल्या सांध्याने जो वेग बिघडवला तो दुसरा दुरुस्त करतो. त्यासाठी दोन अटी आहेत. इंजिनाकडून येणारी आणि मागच्या पिनियनची, या दोन रेषा समांतर हव्यात. आणि शाफ्टच्या दोन टोकांचे फोर्क एकाच रेषेत हवेत. अमेरिकेत क्लेरेन्स स्पायसर याने १९०३ मध्ये मोटारीसाठी अशा सांध्याचे पेटंट घेतले आणि साखळीऐवजी शाफ्टचा रस्ता मोकळा झाला.

मग जीप आली. १९४० मध्ये अमेरिकी सैन्याला शत्रूच्या नजरेत न भरणारी, बुटकी, हलकी गाडी हवी होती. बँटम कंपनीसाठी कार्ल प्रॉब्स्ट याने आराखडा केला आणि २३ सप्टेंबर १९४० ला पहिली गाडी सैन्याकडे पोचली. पुढे विलीजने बनवलेल्या जीपच्या दोन चाकांतले अंतर जेमतेम ८० इंच होते आणि पाटे आसाच्या खाली बांधलेले होते. ज्या गाडीला आज आपण उंच करायला निघतो, ती मुद्दाम बुटकी केलेली होती! १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला महिंद्रांनी विलीजच्या जीप जुळवायला सुरुवात केली. मराठवाडा निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला तो याच सुमारास, १७ सप्टेंबर १९४८ ला. पुढच्या दशकांत सरकारी कामातून आणि मग प्रवासी वाहतुकीतून जीप खेडोपाडी पोचली.

काळी-पिवळीच्या काळात उंची वाढवणे ही हौस नव्हती. जास्त माणसे बसवता यावीत म्हणून एकेक पाटा वाढवला जाई. भरलेली गाडी दबून नेहमीच्या उंचीवर येई. रिकामी परतताना मात्र मागचा भाग वर उचलला जाई, शाफ्टचा कोन वाढे आणि गाडी थरथरे. माणसे भरली की थरथर थांबते, यामागचे गणित हे असे.

आता आकडे पाहू. शाफ्ट दोन फुटांचा असेल आणि गाडी चार इंच उचलली, तर कोन साधारण साडेनऊ अंशांनी वाढतो. शाफ्ट चार फुटांचा असेल तर पावणेपाच अंशांनी. म्हणजे तेच चार इंच आखूड जीपला दुप्पट महाग पडतात. पाटे आसाच्या खालून काढून वर बांधले तर उंची एकदम पाचएक इंच वाढते. दिसायला हा स्वस्त मार्ग आहे. पण तेवढ्या उंचीला शाफ्ट आखूड पडू शकतो, ब्रेकची नळी ताणली जाते, स्टिअरिंगच्या दांड्याचा कोन बिघडतो.

म्हणून उंची ठरवण्याआधी टायर ठरवावा. पाटे वाढवून चौकट वर जाते, पण आसावरचा डिफरन्शियलचा गोळा होता तिथेच राहतो. त्याला वर नेतो तो फक्त मोठा टायर. बैलगाडीच्या चाकाने शिकवलेली गोष्ट इथेही खरी आहे. हव्या त्या टायरला जागा मिळेल तेवढीच लिफ्ट पुरे. शेतरस्त्याला दीड-दोन इंच बहुधा पुरतात.

थरथर आलीच तर आधी क्रॉस ढिला आहे का ते पाहावे, मग शाफ्टचे बॅलन्सिंग. शाफ्ट खोलण्यापूर्वी दोन्ही भागांवर खूण करावी, कारण सरकता जोड एक दात चुकला तरी फोर्कची रेषा मोडते. त्यानंतर कोन मोजावेत. पाटा आणि आस यांच्यामध्ये तिरकी पाचर घालून पिनियन फिरवता येतो. पण साधे दोन सांधे असतील तर रेषा समांतर ठेवायच्या. वरच्या टोकाला दुहेरी सांधा बसवला असेल तर पिनियन शाफ्टच्या दिशेने वळवायचा. एका पद्धतीची पाचर दुसरीत घातली तर थरथर उलट वाढते. २०२० च्या थारमध्ये मागे पाटे नाहीत, कॉइल आहेत. तरी शाफ्टचा कोन तिथेही सुटत नाही.

ही थरथर नुसती गैरसोय नसते. हिसक्यांनी क्रॉस झिजतो, आणि धावत्या गाडीचा शाफ्ट पुढून निसटून रस्त्याला टेकला तर गाडी उलटू शकते. उंच गाडीचा तोल वळणावर आधीच नाजूक झालेला असतो. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम उत्पादकाच्या मूळ रचनेपासून दूर नेणारे बदल रोखते, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच बजावले. त्यामुळे खर्चाआधी परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीकडे विचारणे शहाणपणाचे.

साडेतीनशे वर्षांपूर्वी हूकने एकाच पुस्तकात स्प्रिंग आणि सांधा या दोन्हींचा विचार केला. आपण मात्र स्प्रिंगचा खर्च करतो आणि सांध्याला विसरतो. चिखलातून गाडी बाहेर काढायची असेल, तर दोघांनाही विचारूनच इंच ठरवावेत.