बेवारस कुणाला म्हणायचं?

आमच्या गावच्या खाडीत, जुन्या धक्क्याच्या पलीकडे, एक मचवा कैक वर्षं चिखलात रुतून पडला आहे. डोलकाठी कधीच गेली. भरतीला पाणी आत शिरतं, ओहोटीला बाहेर पडतं. तो माझ्या नानांचा. नानांचा इंतकाल झाला, मामू नोकरीसाठी आखातात गेले आणि मचवा जिथे होता तिथेच राहिला.

मागच्या उन्हाळ्यात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. म्हणाला, "सर, तुमच्या नानांचा मचवा बेवारस पडलाय. मी दुरुस्त करून वापरतो. कागद कसा करायचा तेवढं सांगा."

मला हसू आलं. बेवारस म्हणजे ज्याला वारस नाही तो. हा शब्द फारसीचं 'बे' आणि अरबीचं 'वारिस' जोडून झालेला. आणि मुलगा तो वापरत होता वारसाच्याच समोर बसून! पण त्याच्या प्रश्नाने मला वाचायला बसवलं. मालक समोर नसलेली नौका कुणाची, हा प्रश्न आपल्या किनाऱ्यावर फार जुना आहे.

एके काळी याचं उत्तर सरळ होतं. किनाऱ्याला लागलं ते राजाचं. वादळाने भरकटलेलं किंवा फुटलेलं गलबत ज्याच्या हद्दीत येई, तो राजा ते मालासकट ताब्यात घेई. बुडता बुडता वाचलेला व्यापारी किनाऱ्यावर उभा राहून स्वतःचाच माल दुसऱ्याचा होताना पाही.

हा रिवाज मोडणारा एक मोठा पुरावा आंध्रच्या किनाऱ्यावर मोटुपल्ली इथे दगडात कोरलेला आहे. काकतीय राजा गणपतिदेवाचा हा शिलालेख इ.स. १२४४ च्या सुमाराचा. पूर्वीचे राजे वादळात सापडलेल्या जहाजांवरचं सगळं जबरदस्तीने घेत असत. आम्ही मात्र ठरलेल्या जकातीशिवाय काही घेणार नाही, असं अभय त्यात दर्यावर्दी व्यापाऱ्यांना दिलं आहे. यात दया होती, तसा हिशोबही होता. जिथे माल सुरक्षित, तिथे व्यापारी पुन्हा येतो.

सुमारे शंभर वर्षांनी हाच हिशोब इब्न बतूताने कालिकतला डोळ्यांनी पाहिला. महंमद तुघलकाने चीनच्या बादशहासाठी दिलेले नजराणे घेऊन तो निघाला होता. कालिकतच्या किनाऱ्यावर वादळ झालं, जहाज फुटलं, माणसं बुडाली. सकाळी त्याने पाहिलं की तिथला राजा सामुतिरी अनवाणी किनाऱ्यावर आला आहे, समोर आग पेटवली आहे आणि त्याचे शिपाई लोकांना मारून हटवत आहेत, कारण समुद्राने बाहेर टाकलेला माल लोक लुटू पाहत होते. इब्न बतूता पुढे लिहितो, मलबारात इतरत्र फुटलेल्या जहाजाचा माल सरकारजमा होतो, कालिकतला मात्र तो मालकालाच मिळतो, म्हणूनच हे शहर भरभराटीला आलं.

राजा हिंदू, व्यापारी बहुतेक मुसलमान, आणि किनाऱ्यावर पडलेल्या मालावर पहिला हक्क मालकाचा. आज आपण इतिहासातून नेमकं काय उचलतो आणि काय पडू देतो, हे पाहताना मला हा प्रसंग आठवतो.

आपल्या फिक्हमध्ये सापडलेल्या वस्तूला लुकता म्हणतात. उचलणारा तिचा मालक होत नाही, अमानतदार होतो. (मराठीतला 'अनामत' हा शब्द याच अमानतवरून आला.) तिची खूण नीट लक्षात ठेवायची, लोकांत जाहीर करायचं आणि वर्षभर मालकाची वाट पाहायची. कोकणी मुसलमान बहुतेक शाफई. शाफई मतानुसार वर्षानंतर सापडणाऱ्याला ती वस्तू स्वतःची करता येते, पण त्यानंतरही मालक आला तर वस्तू किंवा तिची किंमत द्यावी लागते. म्हणजे वर्ष सरलं तरी मालकाचा हक्क सरत नाही.

गंमत अशी की इंग्लंडमध्ये १२७५ साली पहिल्या एडवर्डच्या काळात झालेल्या कायद्यातही जवळपास हाच आकडा आहे, एक वर्ष आणि एक दिवस. फुटलेल्या जहाजातून माणूस, कुत्रा किंवा मांजर जरी जिवंत बाहेर पडलं, तरी त्या जहाजाला बेवारस म्हणायचं नाही. माल सांभाळून ठेवायचा आणि वर्ष आणि एक दिवसाच्या आत कुणी तो आपला असल्याचं सिद्ध केलं तर परत द्यायचा. एक मांजर जिवंत असेल तर मालकाची आशा जिवंत! कायदा लिहिणाऱ्यांनी हा विचार केला होता.

आपल्याकडे १९५८ च्या मर्चंट शिपिंग कायद्यानेही वर्षच धरलं. परत मिळण्याची आशा किंवा इरादा न ठेवता सोडून दिलेली नौकाही त्यात मोडते. सापडणारा मालक नसेल तर त्याने ती सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याच्या हवाली करायची. मालकाने वर्षाच्या आत दावा सिद्ध केला तर नौका वाचवण्याचा मोबदला आणि खर्च भरून ती त्याला परत. २०२५ मध्ये संसदेने या कायद्याच्या जागी नवा कायदा केला. १८७२ चा करार कायदाही सापडलेली वस्तू उचलणाऱ्यावर ती सांभाळण्याची जबाबदारी टाकतो. आणि १८६० च्या दंडसंहितेत स्पष्ट होतं की मालक शोधण्याचा वाजवी प्रयत्न न करता सापडलेली वस्तू आपली केली, तर तो गुन्हा.

मी त्या मुलाला हे सगळं सांगितलं. "नुसता मचवा दुरुस्त करून तो तुझा होणार नाही. मालक गेला असेल तर वारस शोध, सगळ्यांच्या सह्यांचं विक्रीपत्र कर, मग नोंदणीसाठी अर्ज कर."

"वारस म्हणजे तुम्ही आणि मामू ना सर?"

मी 'हो' म्हणणार होतो. आणि तिथेच अडखळलो.

नानांना एक मुलगा आणि दोन मुली. नानी आधीच गेलेल्या. शरीयतच्या हिशोबाने मामूंचा अर्धा, अम्मीचा पाव, खालाचा पाव. अम्मी गेली, तिचा पाव आम्हा भावंडांकडे आला. खाला हयात आहे, तालुक्याच्या गावी राहते. तिचं नाव त्या मुलाला सुचलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही लगेच सुचलं नाही.

कारण नानांच्या वाडीची वाटणी झाली तेव्हा खालाकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली होती. "बहिणी माहेरचं घेत नाहीत," असं घरातली वडील माणसं म्हणाली. साक्षीदार म्हणून माझी सही आहे. तेव्हा मी नुकताच बीएड झालो होतो आणि शाळेत मुलांना अमानत या शब्दाचा अर्थ शिकवत होतो.

सूरह कहफमध्ये समुद्रात कष्ट करणाऱ्या गरिबांच्या नावेचा किस्सा आहे. हजरत मूसांसोबतचे बुजुर्ग, ज्यांना आपण ख्वाजा खिज्र म्हणून ओळखतो, त्या नावेला भोक पाडतात, कारण पुढे एक राजा प्रत्येक नाव जबरदस्तीने बळकावत असतो. लहानपणी मी तो राजा मुकुट घातलेला कल्पायचो. हक्कसोडपत्रावर सही घेणारे आम्ही साधी, पाच वक्त नमाजी माणसं होतो.

मी खालाला फोन केला. मचव्याचं सांगितलं. मला वाटलं, ती म्हणेल, असू दे रे, तुम्हीच घ्या.

ती म्हणाली, "किती देतोय पोरगा?"

मी आकडा सांगितला.

"मग माझा पाव हिस्सा मला दे."

मामूंनी आखातातून संमतीचा कागद पाठवला. खालाने विक्रीपत्रावर सही केली, पैसे दोनदा मोजले आणि बटव्यात ठेवले. मचवा आता धक्क्यावर ओढून घेतला आहे, नव्या फळ्या बसताहेत.

निघताना खालाने दारात मला थांबवलं. "मचव्याचं झालं. आता वाडीचं काय ते मामूला विचार."

अजून विचारलेलं नाही. रमजानच्या आत विचारायचं ठरवलं आहे, आणि मागे फिरता येऊ नये म्हणून इथे लिहून ठेवतो.