रुची सोया : 552 तास

ही मोजणी 16 ऑगस्ट 2019 हा दिवस शून्य धरून केली आहे.

14,784 तास आधी (8 डिसेंबर 2017)
स्टँडर्ड चार्टर्ड बँकेचा इंदूरच्या रुची सोयाविरुद्धचा दिवाळखोरी अर्ज राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या (एनसीएलटी) मुंबई पीठाने दाखल करून घेतला. आठवड्याने सिंगापूरच्या डीबीएस बँकेचाही अर्ज दाखल झाला. कंपनी माळव्याच्या सोयाबीनवर वाढलेली, प्रकरण मात्र मुंबईत. इथून कायद्याच्या मुदती धावू लागतात: तीन दिवसांत जाहीर सूचना, चौदा दिवसांत दावे. चुकलेल्याला तेव्हाच्या नियमाने धनकोंची समिती कंपनी सावरण्याची योजना मंजूर करेपर्यंतच संधी होती.

डीबीएसची सर्वांत मोठी भागधारक टेमासेक ही सिंगापूर सरकारची कंपनी. म्हणून काही सवलत? नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 86 नुसार परकीय राज्यावर दावा लावायला केंद्र सरकारची संमती लागते. पण स्वतः वसुलीला आलेल्याला ते कलम रांगेत पुढे नेत नाही. व्यापार करणाऱ्या सरकारी कंपनीला हे कवच मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये इथियोपियन एअरलाइन्सच्या खटल्यात सांगितले होते. मला ते योग्यच वाटते.

2,592 तास आधी (30 एप्रिल 2019)
धनको समितीने कंपनी ताब्यात घेण्याची पतंजलीची योजना सुमारे 97 टक्के मतांनी मंजूर केली. डीबीएसचे मत विरोधात. तिचा मान्य दावा सुमारे 243 कोटींचा. गुना, दलौदा, गाडरवारा, बारां आणि कांडला इथल्या मालमत्ता तिच्याकडे स्वतंत्र तारण. कंपनी मोडीत निघाली असती तरी त्या तारणाची किंमत 217.86 कोटी धरलेली. तारण असलेल्या वित्तीय धनकोंना सारख्या प्रमाणात वाटल्यावर तिच्या वाट्याला आले सुमारे 119 कोटी.

552 तास आधी (24 जुलै 2019)
मुंबईत एनसीएलटीने योजनेला सशर्त मंजुरी दिली. त्याच दिवशी दिल्लीत राज्यसभेत दिवाळखोरी कायद्याचे दुरुस्ती विधेयक मांडले गेले: विरोधी मत देणाऱ्या वित्तीय धनकोला निदान कंपनी मोडीत निघाल्यावर मिळाले असते तेवढे मिळालेच पाहिजे. डीबीएसला हवे होते नेमके तेच.

432 तास आधी: राज्यसभेची मंजुरी.

360 तास आधी: लोकसभेची.

शून्य (16 ऑगस्ट 2019)
दुरुस्ती लागू झाली. एनसीएलटीची मंजुरी 23 दिवस आधीच होऊन गेली होती. याच दुरुस्तीने केंद्र, राज्य सरकारे आणि स्थानिक संस्थाही मंजूर योजनेने बांधल्या गेल्या.

त्यानंतर
4 सप्टेंबरला एनसीएलटीचा पुढचा आदेश आला आणि योजना पक्की झाली. जुन्या भागधारकांच्या शंभर शेअर्सचा एक शेअर झाला. नुकसान सर्वांत खोल इथेच झाले असे मी मानतो, कारण बँकेकडे अपिलासाठी वकील होते, बचत गुंतवलेल्या छोट्या माणसाकडे नव्हते.

13 एप्रिल 2021 रोजी घनश्याम मिश्रा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की योजनेत नसलेले दावे, सरकारचे असले तरी, संपतात. 17 फेब्रुवारी 2022 रोजी रुची सोयाच्याच खटल्यात सीमाशुल्काची मागणी याच न्यायाने बाद झाली.

आणि डीबीएस? 3 जानेवारी 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की योजनेच्या मंजुरीविरुद्धचे तिचे अपील प्रलंबित असल्याने दुरुस्ती तिलाही लागू होते. मात्र ‘किमान रक्कम’ तारणाच्या किमतीवरून मोजायची का, यावर आधीच्या एका निकालाशी मतभेद झाल्याने तो प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवण्यात आला.